नाझारने लिहिलेल्या बावीस तारा

मी, सव्वाती येर्मिलोविच कोपितोव, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय आधी बर्फाचा निरीक्षक, मग तरंगत्या ध्रुवीय स्थानकाचा प्रमुख, मग दूमाचा, म्हणजे विधिमंडळाचा, सदस्य आणि आता काहीच नाही, राहणार सोलोम्बाला, आर्खांगेल्स्क, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की दारू पाजलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी तपासून लिहून दिले आहे. त्यांनी तारीख विचारली, ती मी लगेच सांगितली. "आत्ता तुम्ही कुठे आहात?" असे विचारल्यावर मात्र मी जरा थांबलो. ज्याने चार हिवाळे वाहत्या बर्फावर काढले तो या प्रश्नाला घाईने उत्तर देत नाही. तिथे आपण झोपतो आणि खालची जमीन चालत राहते. सकाळी चहाच्या आधी विचारायचे ते हेच, की आज आपण कुठे आलो.

कलम १. राहते लाकडी घर, अंगण, न्हाणीघर व नदीकडची होडी माझी भाची अग्निया हिला मिळावी. घर डावीकडे कलले आहे, ते सरळ करण्याच्या भानगडीत तिने पडू नये. गेली दोन वर्षे पहाटे मला ते हळूच सुटून नदीत उतरल्यासारखे वाटते. चूल, पडदे, खिडकीतली जिरेनियमची कुंडी, सगळे घेऊन ते उत्तरेला जाते आणि मी पांघरुणात पडून मजेत असतो. अग्निया म्हणते, "मामा, ते औषधामुळे होतं." असेल. पण औषध बंद करू नये.

कलम २. शहरातल्या संग्रहालयाला काहीही देऊ नये. त्यांनी माझ्या फोटोखाली स्वयंपाक्याचे नाव लिहिले. मी तीनदा जाऊन सांगितले, तर "आता काच बसवली आहे, सव्वाती येर्मिलोविच" हे उत्तर. हवामानाच्या वह्या, कालमापक घड्याळ व होकायंत्र नौकाविद्यालयाला द्यावे. मुलांनी हाताळून मोडले तरी चालेल.

कलम ३. दूमात घालायचा निळा सूट कोणालाही देऊ नये, फाडून बोटीची फडकी करावीत. मी दोनदा निवडून गेलो. उत्तरेकडच्या चार गावांची विमाने बंद होऊ दिली नाहीत, एवढे काम माझ्या नावावर आहे, आणि ते मी मोठे मानतो. बाकी वेळ मी डुलक्या काढल्या. एकदा वर्तमानपत्राने माझा झोपलेला फोटो छापून खाली लिहिले, "वीराची विश्रांती". त्या वार्ताहराला मी माफ केलेले नाही. मी झोपलो नव्हतो. त्या दिवशी सभागृहाचे पांढरे छत बर्फासारखे पातळ होत गेले, त्यातून निळे पाणी दिसू लागले, आणि माझ्या शेजारच्या बाकावर नाझार बसून हातमोजे वाळवत होता. त्याला काहीतरी विचारायचे होते. तेवढ्यात मतदानाची घंटा झाली.

हा नाझार कोण, हे पुढच्या कलमात येते. त्या कलमासाठीच हा सगळा कागद लिहायला घेतला आहे.

कलम ४. माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत बावीस तारा आहेत. माझ्या मृत्यूनंतर त्या उस्तिन्या नाझारोव्ना हिला द्याव्यात. ती लाकडाच्या धक्क्यावर क्रेन चालवते आणि इथून वीस मिनिटांवर राहते. त्या तिच्याच आहेत.

हकीकत अशी. सन १९७१च्या नोव्हेंबरात आमच्या तळाखालचा बर्फ दुभंगला. विजेचे इंजिन पलीकडच्या तुकड्यावर गेले. आमचा एकुलता एक मेकॅनिक नाझार तिखोनोविच फळ्यांवरून तिकडे गेला आणि दोन दिवसांत ते सुटे करून अलीकडे घेऊन आला. त्याच आठवड्यात बिनतारी यंत्रावर बातमी आली, की त्याची बायको लुकेर्या न्यूमोनियाने गेली. त्यांची चार वर्षांची लेक उस्तिन्या, घरातली उस्त्या, आजीकडे होती. त्या काळी आमच्यात रीतच होती. हिवाळा काढणाऱ्या माणसाला घरची वाईट बातमी विमान येईपर्यंत सांगायची नाही. सूर्य उगवून बर्फावर विमान उतरायला एप्रिल लागणार होता, आणि त्या इंजिनावर अकरा जीव होते. मी बातमी दाबली. ते मी आजही चूक मानत नाही.

पण नाझार दर आठवड्याला बायकोला तार लिहायचा. ती पाठवली असती तर "पत्त्यावरील व्यक्ती मयत" असा शेरा परत आला असता. म्हणून बिनतारी चालवणाऱ्या कोन्द्रातला मी त्या पाठवू दिल्या नाहीत. उत्तर नाही आले तर नाझारला संशय येईल, म्हणून उत्तरेही मीच लिहिली. मी जन्माचा ब्रह्मचारी. मोजे विणल्याचे, दूध नासल्याचे, लेकीचा खोकला बरा झाल्याचे लिहायचो. नाझार जेवणाच्या तंबूत ती मोठ्याने वाचून दाखवायचा.

"ऐका रे, ऐका! घरी होतो तेव्हा नुसती खेकसायची. मी इकडं आलो आणि बाई गोड झाली!"

सगळे हसायचे. मीही. बाहेर दुपारी बारालाही काळोख असे. मी दिव्याखाली बसून एका मेलेल्या बाईच्या वतीने तिच्या नवऱ्याची काळजी करत असे. खरे सांगतो, माझ्या आयुष्यात संसार झाला तो तेवढेच पाच महिने. त्याच्या तारेची मी वाट पाहायचो. "उस्त्याचे बूट लहान झाले असतील, पावलाभोवती पेन्सिल फिरवून माप घेऊन ठेव." "उस्त्याला सांग, अस्वल आले होते. तुझे नाव सांगितल्यावर निघून गेले." प्रत्येक तारेत उस्त्या आहे. बावीसच्या बावीस.

एप्रिलात विमान आले तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितले. तो बर्फावर बसला. म्हणाला, "मग मी लिहीत होतो ते?"

मला खरे सांगता आले असते. मी म्हणालो, "पोचल्या. तुझ्या सासूकडे गेल्या."

त्याचा चेहरा बघवेना, म्हणून बोललो. एवढेच कारण. तो घरी गेला, तर सासू म्हणाली एकही तार आली नाही. नाझारला वाटले म्हातारीने दडवल्या. तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही. मुलीला वाटले बापाने लिहिल्याच नाहीत आणि वर आजीवर आळ घेतला. ती बापाशी धड बोलली नाही. मला त्याच वर्षी सोन्याचा तारा, म्हणजे वीराचे पदक, मिळाले. पुढे निवडणुका आल्या. दरवर्षी ते सांगणे जास्त अवघड होत गेले, आणि मी पेटी पलंगाखाली आणखी आत ढकलली.

तीन वर्षांपूर्वी नाझारला पुरले. उस्तिन्या माझ्याजवळ आली. "तुम्ही त्यांचे साहेब होता. त्या हिवाळ्यात त्यांनी एकदा तरी माझं नाव काढलं होतं का?"

मी म्हणालो, "थंडी फार आहे, टोपी घाल."

वरील कलम ४ रद्द. आडवी रेघ मी स्वतः मारली आहे, खाडाखोड समजू नये. कारण असे. साक्षीसाठी गुरुवारी कोन्द्रात फोमिच आला. साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, पण त्याने चष्मा लावून सगळे वाचले आणि चहाचा पेला खाली आपटला.

"म्हणजे बापाची पत्रं पाहिजेत तर आधी तू उलथायला हवास? त्या पोरीनं काय तुझ्या मरणावर डोळा ठेवून बसायचं?"

"मी गेल्यावर तिला मिळतीलच की."

"सव्वाती, तू अजून तिथंच बसलायस बघ. विमान येईपर्यंत कुणाला काही कळवायचं नाही! ऊठ. कोट घाल."

"तू येतोस?"

"येतो की. पाठवल्या नाहीत त्या या हातांनीच."

उस्तिन्याने दारातच पेटी घेतली. आम्हाला आत बोलावले नाही. उभ्याउभ्या तिने सगळ्या वाचल्या, काही दोनदा. आम्ही दोन म्हातारे पायऱ्यांवर टोप्या हातात धरून उभे होतो. अस्वलाच्या तारेपाशी तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "आजी मरेपर्यंत सांगत होती, मी नाही गं दडवल्या. बाबांनी ऐकलं नाही. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, की हिनंच दडवल्या असतील." मी क्षमा मागायला तोंड उघडले. "मला नको," ती म्हणाली. "शनिवारी दहा वाजता कबरस्तानात या. तिच्यासमोर उभं राहून सांगा. मोठ्यानं. तिला कमी ऐकू यायचं."

मी गेलो. दूमात कधी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. "त्यांनी दडवल्या नाहीत, मी दडवल्या," असे तीनदा सांगितले, आणि सगळ्या तारा वाचल्या. कावळे उडाले. परत येताना उस्तिन्याने मला हात दिला नाही. पण जिथे जिथे वाट निसरडी होती तिथे ती थांबली, आणि मी पार झाल्यावर पुढे चालू लागली.

कलम ५. बँकेतली शिल्लक अग्नियाला. मला नाझारच्या शेजारी पुरू नये. तो हक्क मी मागत नाही.

आज सोमवारी नोटरीसमोर सही करायची होती. दुसरी साक्ष डॉक्टरीणबाईंची ठरली होती, त्यांना दवाखान्यातून निघता आले नाही. आम्ही बाकावर बसून होतो, तोच उस्तिन्या कामाच्या कपड्यांत आली. कोन्द्रातनेच तिला सांगितले असणार. नोटरीबाईंनी कागद पाहून विचारले, "यात तुमच्या नावे काही आहे का? असल्यास तुम्हाला साक्ष देता येणार नाही."

"काही नाही," उस्तिन्या म्हणाली. "माझं होतं ते मला मिळालं. सही कुठे करू?"

लिहून ठेवणार: सव्वाती येर्मिलोविच कोपितोव (सही)

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना व स्वखुशीने सही केली:
१. कोन्द्रात फोमिच झुबोव (सही)
२. उस्तिन्या नाझारोव्ना (सही)

मुक्काम आर्खांगेल्स्क, १४ एप्रिल २०१४