जरासं थकल्यासारखं

प्रिय ऑरिनदादास,

वर्लिनचा नमस्कार. इकडे गाई ठीक, आर्डिस ठीक, गोठ्याचं छप्पर ठीक, आणि मीही ठीक आहे (याबद्दल पुढे). तुझा गुडघा आणि डेलोरिस वहिनींचं ब्लड प्रेशर कसं आहे ते कळव. ॲरिझोनातल्या उन्हाचं नाही कळवलंस तरी चालेल. इथे विस्कॉन्सिनमध्ये मार्च संपत आला तरी गोठ्याच्या दाराशी फावडं मारावं लागतंय, उगाच जीव जळतो. तुझ्या गाईंचा लिलाव झाला त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून आपलं बोलणं हवामानापलीकडे गेलेलं नाही हे मला माहीत आहे. वाढदिवसाच्या कार्डांवर माझी सही आर्डिस करते, तेही तू ओळखलं असशीलच.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका सकाळी दूध काढून घरात आलो, बूट काढायला बाकावर टेकलो आणि म्हणालो, "आज जरासं थकल्यासारखं वाटतंय." एवढंच. आर्डिसने गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.

आता बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही, पण तू आपल्या घरातला आहेस. आपल्याकडे 'दमलो' म्हणजे काम झालं, वाढा. हा शब्द दिवसातून दोनदा, जेवणाच्या घंटेऐवजी. 'आंबलो' हा गवताचे गठ्ठे माळ्यावर रचल्यानंतरचा, जेव्हा काय दुखतंय यापेक्षा काय दुखत नाही ते सांगणं सोपं असतं. 'शिणलो' हा दूध सोसायटीच्या सभेहून परतल्यावर, कारण तिथे हातपाय हलवावे लागत नाहीत, नुसतं ऐकावं लागतं. 'पेंगुळलो' हा चर्चमधला (बाबा मात्र तिथे कधी पेंगुळले नाहीत, ते डोळे मिटून पाद्रीबुवांशी सहमत होत). 'गळून गेले' असं आई जन्मात एकदाच म्हणाली, आपण चौघं भावंडं एकाच आठवड्यात गोवराने पडलो होतो तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी तिने तेही मागे घेतलं. हे झाले मोठे शब्द. मोठा शब्द वापरणारा माणूस आपल्याकडे धडधाकट समजतात, कारण कुरकुरायला त्याच्या अंगात दम शिल्लक असतो. भ्यायचं ते लहान शब्दांना. ट्रॅक्टरखाली पाय मोडला तेव्हा बाबा शेतातून चालत घरी आले आणि "जरा बसतो" म्हणाले. आजोबा जेवणाआधी "थोडं पडतो" म्हणाले आणि संध्याकाळी आपण त्यांना शवपेटीत घालायचा काळा कोट इस्त्री करत होतो. म्हणून मी 'जरासं' म्हटल्यावर आर्डिस काय समजायची ते समजली.

दवाखान्यात शिकागोहून आलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिने फॉर्म दिला: थकवा शून्य ते दहामध्ये किती? मी विचार केला, दहा म्हणजे आजोबा; नऊ म्हणजे बाबांचा पाय; मी तर स्वतः चालत आलोय, टोपीसुद्धा सरळ आहे. प्रामाणिकपणे दोन लिहिलं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, थंडीत असं होतं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. आणि जायला उठल्या. आर्डिस दार अडवून उभी राहिली.

"बसा बाई," ती म्हणाली. "हा माझा नवरा बरगडी मोडलेली असताना पंधरा दिवस दूध काढत होता, तेव्हा 'काही नाही' म्हणाला होता. आज 'जरासं' म्हणालाय. याच्या बापाची जात मला ठाऊक आहे. रक्त तपासल्याशिवाय मी हलणार नाही."

मग तिने आपल्या घरातला एकेक शब्द अर्थासकट बाईंना सांगितला, आणि बाईंनी (हे मी विसरणार नाही) खुर्ची ओढून फॉर्मच्या मागे सगळं लिहून घेतलं. पुढचे प्रश्न या पत्रात घालण्यासारखे नाहीत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. बाई म्हणाल्या, इतकं कमी असताना लोक स्ट्रेचरवरून येतात. मी म्हणालो, मला रस्ता माहीत होता. खांदा दुखतो म्हणून दोन वर्षं मूठमूठ ॲस्पिरिन खात होतो, त्याने पोटात अल्सर होऊन आतल्या आत रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, पोटात नळी घालून पाहिलं, आणि चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अल्सरच आहे, दुसरं काही नाही." आर्डिस खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली की पार्किंगमध्ये आज फार गाड्या आहेत. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी दवाखान्यातली हिरवी जेली दोन वाट्या खाल्ली.

आता सहा आठवडे जड उचलायचं नाही. दूध शेजारचा हाल्वर ब्रेक्के काढतो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आम्ही दवाखान्यात पोचायच्या आत तो गोठ्यात होता. तो यंत्र लावताना गाईंना पोल्का नाचाची गाणी ऐकवतो, आणि दूध वाढलंय. हे त्याने मला मुद्दाम येऊन सांगायची गरज नव्हती. शेजाऱ्यांकडून ट्यूना-नूडल्सची अकरा भांडी आली आहेत, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. आम्ही आठव्यावर आहोत. तब्येत सुधारते आहे, काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ,
वर्लिन

ता. क. : आर्डिसने पत्र वाचलं. म्हणते, चार पानं लिहिलीस आणि ज्यासाठी बसलास ते लिहिलंच नाहीस. तिला सगळं कळतं असा तिचा समज हल्ली फार वाढला आहे.

ता. क. २ : ती झोपायला गेली आहे असं समजून लिहितो (समोरच बसली आहे). लिलावाच्या आदल्या दिवशी तू माझ्या गोठ्याच्या दारात उभा होतास. म्हणालास, "वर्लिन, मी थोडा थकलोय." मी म्हणालो, मग जा वाळवंटात आणि म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कूट. हाल्वरसमोर म्हणालो. तू हसलास आणि गाडीत बसलास. 'थोडा' म्हणाला होतास, दादा, आणि मी त्याच घरात वाढलेला माणूस. तुला काय झालं होतं तेव्हा? मी विचारलंच नाही. आता विचारतोय. 'काही नाही' असं लिहू नकोस.