थकलेल्या डोळ्यांची आखणी

रत्नागिरी,
दि. ९ जून २०२५

चि. भागोजी यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने उतारवयात प्लास्टिकचे डायनोसॉर रंगवत बसावे, यावर तू आणि चिमाने, नवराबायकोने मिळून, केलेली थट्टा वाचली. ती गावभर करण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घ्यावी. नात सानवी मुंबईस परतताना खेळण्यांची पिशवी येथेच टाकून गेली. मी आता मोठी झाले, असे तिने मला बजावले. पिशवीतला सर्वांत मोठा शिकारी नारिंगी होता आणि त्याच्या पाठीवर जांभळे ठिपके होते. असा रंग अंगावर असता तर दिसताक्षणी भक्ष्य पळाले असते आणि तो प्राणी उपाशी मेला असता. ही चूक समोर ठेवून रोज जेवणे मला जमेना.

तू विचारशील, खरा रंग पाहिला कोणी? कोणीच नाही, म्हणून अनुमान करावे लागते. कातळावर ऊन खात पडलेली घोरपड हा माझा दृष्टान्त. आधी खेळणे साबणाने धुवायचे, साच्याची कड ब्लेडने तासायची, अस्तर द्यायचे, मग पातळ रंगाचे हात एकावर एक चढवायचे. या हवेत एक हात वाळेतो दिवस जातो. तक्रार नाही, दिवस घालवायचेच आहेत. डोळा सर्वांत शेवटी. बाबांच्या गणपतीच्या शाळेत, जिथे आता तू मूर्ती घडवतोस, तेवढे एक शिकलो होतो.

मे महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या हातातली बशी वाजत होती. चहा फार गरम आहे, असे तू म्हणालास. गरम चहाने जीभ भाजते, बशी वाजत नाही. डॉक्टरांना दाखव. सोबत एक प्राणी पाठवतो आहे.

लोभ असू द्यावा; तो सिद्ध करून दाखवण्याची आवश्यकता नाही.

आनंदा


मु. पो. पावस,
दि. २४ जून २०२५

ती. दादांस, भागोजीचा शि. सा. न. वि. वि.

प्राणी सुखरूप पोचला. रंग असा जमला आहे की चिमाने खरोखरीची घोरपड समजून केरसुणी उगारली. मात्र डोळे बघितले आणि आम्ही दोघेही हसत सुटलो, राग मानू नये. हा शिकारी नव्हेच. परीक्षेच्या वर्गात तीन तास उभा राहून घरी आलेला मास्तर आहे. हा कोणाला खाईल असे वाटत नाही. कोणी ताट वाढून दिले तर बरे होईल, असा त्याचा चेहरा आहे.

बशीचे तुमचे अनुमान खरे ठरले. डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत. माती मळता येते, मूर्ती घडते, अंगाचा रंगही देतो. मुकुट आणि दागिने चिमा करते. पण डोळ्यांच्या आखणीचा ब्रश उचलला की हात माझे ऐकत नाही. बाबा म्हणत, दुसरे काहीही चुकले तर झाकता येते, डोळ्याची रेघ चुकली की देव परका होतो.

पाट यायला लागले आहेत. ज्या त्या घराचा आपला पाट, त्यावर खडूने नाव, आणि त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडायचा. बाबांची ही रीत मी मोडलेली नाही. हाताचे गावात कोणाला सांगितलेले नाही. कळले तर माणसे शहरातून तयार मूर्ती आणतील, आणि एकदा दुसरीकडे गेलेला पाट परत येत नाही. मग शाळा बंदच म्हणायची.

दादा, तुम्ही या. बाकीचे सगळे आम्ही करतो, तुम्ही फक्त डोळे काढा. हातावर मायेची नजर असावी.

आपला,
भागोजी


रत्नागिरी,
दि. ६ जुलै २०२५

चि. भागोजी यास, आशीर्वाद.

तुझ्या आजाराचे वाचून वाईट वाटले. गोळ्यांच्या वेळा चुकवू नकोस. विनंतीचे उत्तर मात्र नाही, असे आहे. कारणे देणे माझे कर्तव्य आहे.

पहिले कारण असे योजले होते की, ज्याची श्रद्धा नाही त्याने देवाला दृष्टी देऊ नये. परंतु मूर्ती घडते ती हाताने, श्रद्धेने नव्हे, हे मलाच मान्य असल्याने ते सोडून दिले. दुसरे, सवय राहिली नाही, हे. त्यावर तू माझीच खेळणी पुरावा म्हणून मांडशील, म्हणून तेही सोडले. तिसरे उरते आणि ते तुम्ही दोघांनी हसत हसत सांगितलेच आहे.

त्या पत्रानंतर मी पिशवीतले सगळे प्राणी टेबलावर ओळीने मांडून पाहिले. एकाला रागीट करायला गेलो होतो, एकाला बावळट, एका पिल्लाला तर आनंदी. सगळे दमलेले आहेत. रेघ सरळ येते, पापणी मात्र आपोआप खाली उतरते. मी थकलो आहे, भागोजी. कशाने ते सांगता येत नाही. सांगण्याजोगे दुःख काही नाही. आयुष्यभर बरोबर असण्याचा शीण असेल. प्राण्यांच्या बाबतीत हे चालून जाते, कारण त्यांच्यापुढे कोणी हात जोडत नाही. माणसे ज्याच्याकडे मागायला येतात, त्याचे डोळे असे असू नयेत.

नकारामुळे लोभात अंतर पडण्याचे कारण नाही.

आनंदा


मु. पो. पावस,
दि. २० जुलै २०२५

ती. दादांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र चिमाला वाचून दाखवले. ती म्हणाली, भावजींना नाही म्हणायलासुद्धा केवढी मेहनत पडते.

मी स्वतः करून बघायचे ठरवले. आधी तुमच्या प्राण्यावर हात चालवला. आता त्याची एक भुवई थेट शेपटीकडे निघाली आहे. मग एका मूर्तीवर धीर केला. रेघ डोळ्यातून निघून सोंडेवर उतरली. चिमाने तो चेहरा पुसला, वाळवला, पुन्हा रंगवला.

काल आवडाबाई पाट घेऊन आली. खाडीकडून मासळी घेऊन येते ती. मुलगा दीपेश होडीवर जातो. पाट ठेवून म्हणाली, यंदा पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर पोराला मासा लागू दे, म्हणून देवाला नीट बघायला सांगा. मी मान हलवली. दुसरे काय करणार होतो?

तुम्ही येणार नसाल तर नागपंचमी झाली की पाट घरोघर परत करायला निघतो. थकलेला देव लोकांना चालेल की नाही, मला ठाऊक नाही. आंधळा देव देता येत नाही, एवढे ठाऊक आहे.

चुकले असल्यास धाकट्याचे म्हणून पोटात घालावे.

भागोजी


रत्नागिरी,
दि. २४ जुलै २०२५

चि. भागोजी यास, आशीर्वाद.

आंधळा देव देता येत नाही, या तुझ्या वाक्याला उत्तर शोधले. सापडले नाही. येतो.

मूर्ती पूर्ण वाळल्या की कळव. काम चालू असताना मागे कोणी उभे राहू नये. चिमाने चहाचे विचारू नये, नुसता आणून ठेवावा. पहिली मूर्ती बिघडण्याचा संभव सर्वाधिक. ती कोणाच्या पाटावर आहे, ते मला सांगू नये.

भेटीअंती बोलूच. बहुधा बोलणार नाही.

आनंदा


मु. पो. पावस,
दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. दादांस, भागोजी आणि चिमाचा शि. सा. न. वि. वि.

शेवटची मूर्ती झाल्याबरोबर ब्रश धुऊन तुम्ही एसटी गाठलीत. कसे झाले हे विचारले नाहीत, आणि मीही विचारू दिले नसते. आता सगळे पार पडले, तर सांगतो.

पुढच्या मूर्तींचे डोळे हळूहळू उघडत गेले. कोणी तक्रार केली नाही. उलट दोघातिघांनी, यंदा देव शांत दिसतो, असे म्हटले. पण पहिल्या मूर्तीच्या पापण्या जड होत्या, नजर खाली, अगदी तुमच्या त्या शिकाऱ्यासारखी. आणि दादा, तो पाट आवडाबाईचा होता. पाट तिचा, म्हणजे मूर्तीही तिचीच. बदलून देण्याची सोय नाही. दुरुस्त करते का म्हणून चिमाला विचारले, तर तिने हात लावायला साफ नकार दिला.

हरतालिकेला आवडाबाई दीपेशला घेऊन आली. मूर्तीच्या तोंडावरचे फडके उचलून वाकून बघू लागली. मला राहवेना. मी माझ्या हाताचे सांगून टाकले, डोळे तुम्ही काढल्याचेही सांगितले. ती म्हणाली, हात कापतो ते पाट ठेवायला आले तेव्हाच बघितले होते, म्हणून तर जास्त बसले नाही. मग मूर्तीकडे बोट करून म्हणाली की, हा अगदी आमच्या दीपेशसारखा दिसतो, पहाटे होडीवरून उतरल्यावर दिसतो तसा. याला आधी पेज वाढते, मागायचे ते मागाहून बघू. दीपेश लाजला आणि मूर्ती डोक्यावर घेऊन चालू लागला.

त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, पिढ्यान्‌पिढ्या. यंदा दुसऱ्या दिवशी विसर्जनाला ती आलीच नाही. भावकी जमली, समजूत घातली, पुष्कळ बोललीसुद्धा. तिने सगळ्यांना एकच विचारले की, एवढा दमून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा, हे कोणत्या घरात बसते? गौरी गेल्या तेव्हा, म्हणजे काल, त्यांच्याबरोबर तिने त्याला निरोप दिला.

परतताना ओला पाट सरळ इकडे आणून टेकवला, पुढल्या साली उशीर नको म्हणून. तुम्हांला निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत कळवतो. म्हणाली, मास्तरांना सांगा, वर्षभर झोपा काढू नका, नाहीतर डोळे बिघडतील.

प्रकृतीस जपावे, पण तिचे ऐकून. आशीर्वाद आहेत ते तसेच असू द्यावेत.

आपला,
भागोजी