खड्डा पडलेला केक

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न उघडताच ठेवून देशील, अशी धास्ती वाटते. तरी वाच. दोन वर्षं आपण बोललो नाही, त्यात चूक माझीच होती, हे आधीच लिहून टाकते.

आज सकाळी अकराला दत्तक संस्थेतल्या दोघी घर बघायला यायच्या होत्या. आठ महिन्यांची मुलगी आहे, ताई. फोटोत कपाळ एवढं मोठं दिसतं की हसूच येतं. घर पसंत पडलं तर ती आमची. अर्जात आवडीच्या रकान्यात मी अतिशहाणपणाने केक करणं लिहिलं होतं. थोरल्या बाई फोनवर म्हणाल्या, मग तुमच्या हातचा केक खाऊनच जाऊ.

ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी काहीतरी विसरणार, हे धरूनच चालतात. मी बेकिंग पावडर घातली, डबा जागेवर ठेवला. डबा जागेवर बघून ह्यांनी गुपचूप आणखी दोन चमचे घातले. आज मला बोलायला नको म्हणून सांगितलंही नाही. केक फुगला, भांड्याबाहेर ओघळला आणि दहाच्या सुमाराला मधोमध खचला. कडेचा तुकडा खाल्ला तर कडू. मी फरशीवर बसून रडले. केकसाठी कोण रडतं गं? पण वाटलं, हेही माझ्या हातून टिकलं नाही. तीनदा दिवस राहून पोट रिकामं झालं तेव्हा वाटलं होतं, अगदी तसंच.

तिसऱ्या वेळी तू पंधरा दिवस राहिलीस, माझी वेणी घातलीस, मला भरवलंस. आता शरीराचे हाल पुरे कर, एवढंच म्हणालीस. आणि मी म्हटलं, दोन पोरं पदरात असताना बोलायला काय जातं. तुझी बॅग दाराबाहेर ठेवली.

मग उठले. करपट कडा कापल्या, मधला कच्चा गोळा फेकला. उरलेलं वाट्यांत कुस्करलं, त्यावर संत्र्याचा गोड रस शिंपडला. ह्यांनी न सांगता कस्टर्ड घोटलं. वर संत्र्याच्या फोडी लावतेय तोवर बेल वाजली. धाकट्या बाईंनी पदार्थाचं नाव विचारलं आणि माझा धीर सुटला, सगळं खरं सांगून टाकलं. पावडर मीही घातली होती हे ऐकल्यावर ह्यांनी आपले दोन चमचे कबूल केले आणि कान पकडून उभे राहिले. दोघी पोट धरून हसल्या, वाट्या चाटूनपुसून संपवल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात थोरल्या बाईंनी कागद पुढे केला. तुम्हा दोघांना काही झालं तर मुलीचं कोण बघणार? ह्यांच्या बाजूला कुणी उरलं नाही, माझ्या बाजूला तूच आहेस. मी तुझं नाव आणि नंबर लिहिला. त्यांनी विचारलं, ताईंशी बोललात ना? मी हो म्हटलं. केकचं खरं सांगणारी मी, इथे धडधडीत खोटं बोलले.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे स्वतः पत्र घेऊन येत आहेत. मुलीचं बघशील का, हे विचारायला गुरुवारी तुला थोरल्या बाईंचा फोन येईल. माझ्यावरचा राग ठेव, हवा तेवढा ठेव. मला हो म्हणू नकोस, ताई. त्या मोठ्या कपाळाच्या पोरीला म्हण.

तुझीच,
बॅग बाहेर ठेवणारी धाकटी