आत कोणी आहे का

सर, तुम्ही लिहिलेला शीतगृहाचा प्रोग्रॅम मागच्या आठवड्यात माझ्याकडं आला. चिकलठाण्याचं ते दुधाचं शीतगृह आता पुण्याच्या एका कंपनीनं घेतलंय आणि त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ऑफिसात मी नोकरी करते, घरून. मी आता परत संभाजीनगरात राहते म्हणून काम माझ्याकडं दिलं. तुमच्या हाताखाली शिकले, हे तिथं कुणाला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. काम साधं होतं. आतली मराठी नावं इंग्रजीत करायची.

फाइल उघडली तर सगळी तुमचीच नावं, रोमन अक्षरांत, शब्द एकमेकांना चिकटवून लिहिलेली. दारउघडंआहेका. वीजआलीका. आतकोणीआहेका. ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं असतं, त्याच्या नावातच प्रश्न पाहिजे आणि शेवटी 'का' आलाच पाहिजे, हा तुमचा नियम. सिडकोतल्या तुमच्या घराची पुढची खोली म्हणजे आपलं ऑफिस, मागं स्वयंपाकघर. मी नवीन असताना हो-नाही साठवणाऱ्या एका व्हेरिएबलला नुसतं 'फ्लॅग' म्हटलं होतं, तर तुम्ही स्क्रीनकडं बघत शांतपणे विचारलंत, कशाचा झेंडा? आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. एकेक काम करणाऱ्या फंक्शनचंही तसंच. विचारायला गेलेल्या फंक्शननं विचारून परत यायचं, जाता जाता दार लावून यायचं नाही. त्यावर थालीपीठ घेऊन आलेल्या काकू म्हणायच्या, यांना जेवणार का विचारलं तर हो नाय की नाही नाय, नुसतं 'बघू' म्हणतात.

आणि तो दिवस. शीतगृहात माणूस असेल तर बाहेरून कुलूप पडू नये, एवढा भाग मी लिहिलाय. व्हेरिएबलचं नाव मी ठेवलंय 'रिकामी नाही'. तपासणीला तुम्ही दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः आत जाऊन उभे राहता. मी बाहेर बटण दाबते, खोली रिकामी असल्याचा हिरवा दिवा लागतो आणि कुलूप पडतं. तिथला सुपरवायझर धावत येऊन हातानं दार उघडतो. तुम्ही बाहेर येता, चष्म्यावर धुकं, अंगावर साधा शर्ट. रागावत नाही. तो भाग मोठ्यानं वाच, एवढंच म्हणता. मी वाचायला लागते, खोली रिकामी नाही असं नसेल तर कुलूप पडू देऊ नको, आणि म्हणजे माणूस आत असताना की नसताना, तेच मला कळत नाही.

"बघ, वाचता वाचता तूच अडकलीस," तुम्ही चष्मा पुसत म्हणता. "मी तर आतच होतो. नावात 'नाही' घालायचं नाय. काय आहे ते विचार."

त्याच संध्याकाळी ते आतकोणीआहेका झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मलाच एक मफलर आणून दिलात. आत मी गेलेच नव्हते, तरी. तो मी कधी वापरला नाही, इथल्या थंडीत लागत नाही.

पुढं तुमची तब्येत बिघडत गेली. एका दुपारी तुम्ही विचारलंत, "हे ऑफिस तू चालवशील का?" पुण्याची नोकरी तेव्हा पक्की झाली होती. मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, बरं झालं, स्पष्ट बोललीस. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते. डबा अर्धा झाला होता, तो संपवला आणि मीटिंगला जाऊन बसले.

आताच्या कंपनीचा नियम तुमच्यासारखाच आहे, फक्त प्रश्न नावाच्या सुरुवातीला येतो: इज, हॅज, कॅन. आतकोणीआहेकाचं 'इज ऑक्युपाइड' झालं. एका दुपारी सगळी नावं बदलून झाली. चाचण्या नीट चालल्या. काम तपासणाऱ्या पुण्याच्या मुलीनं छान म्हणून कळवलं, मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

रविवारी काकूंकडं गेले होते. त्या आता फुलंब्रीला भावाकडं असतात. बोलता बोलता शीतगृहाचं काम आलंय म्हणाले, तर हातातली भाजी तशीच धरून त्यांनी विचारलं, "तिथं ह्यांचं काही राहिलंय का गं?"

मी हो म्हणाले. दार, दिवा, कुलूप, सगळं तुम्ही लिहिलं तसंच चालतंय, त्यामुळं ते खोटं नाही. तुम्ही दिलेलं एकही नाव तिथं उरलेलं नाही, हे मी सांगितलं नाही. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, काकूंना तर दाखवायचंच नाही. नावं बदलताना मला खरंच काही वाटलं नाही, सर. पण तो एक 'हो' घोगरा निघाला. काकूंना वाटलं, सर्दी झालीय. त्यांनी आलं घालून चहा केला आणि मी तो पिऊन निघाले.