धार मी लावून आणली

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला चार ओळी लिहायचं मनात होतं, पण आळस केला. आज राहवलं नाही. दसऱ्याच्या पूजेचा पाट मांडलाय, झेंडू आणलाय, मिलमधला, लूमवर आडवं सूत फिरवणारा तुमचा लाकडी धोटा पुसून ठेवलाय. तलवारीचं म्यानही आहे. तलवार नाही!

निनाद घेऊन गेला. तुमचा नातू आता बावीस वर्षांचा आहे. काल म्हणाला, "बाबा, कल जुलूस आहे, तलवार मी नेणार. सगळे अपनी-अपनी लेके आ रहे हैं." मी नाही म्हटलं. सकाळी बघतो तर म्यान रिकामं.

आणि अण्णा, तिला धार मी लावून आणली होती.

तुम्ही जन्मभर ती बोथट ठेवलीत. दर दसऱ्याला चिंचेनं घासायची, तेलाचा हात फिरवायचा, धार मात्र नाही. मूठ आणि म्यान मिलच्या युनियनच्या लाल झेंड्याच्या चिंधीनं बांधायचात, तीन गाठी मारून. मला त्या चिंधीची लाज वाटायची. तुमचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी हौसेनं गाठी सोडल्या आणि माधवगंज बाजारातल्या धारवाल्याकडून तलवार चकचकीत करून आणली. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. काय हा माझा शहाणपणा!

लहानपणी मी विचारायचो, "अण्णा, ही कोणावर चालली हो?"

"माहीत नाही रे," तुम्ही म्हणायचात. "आपले लोक दक्षिणेतून फौजेबरोबर इथे उत्तरेत आले, ते काही तीर्थयात्रेला नाही. ज्यांचा मुलूख घेतला त्यांच्यावर चालली असेल. सत्तावनात फौज इंग्रजांवर उठली, इथल्या राजाचा दरबार इंग्रजांकडे राहिला. आपला माणूस कुणीकडे होता, देव जाणे. माहीत नाही, म्हणून तर धार नाही."

मग धोटा माझ्या हातात द्यायचात. साहेबाच्या देशात यंत्रावर कापड निघालं आणि इकडचे विणकर उपाशी मेले. पुढे तेच यंत्र इथे आलं आणि त्यावरच आपली चूल पेटली, हे तुम्ही किती सहज सांगायचात! तुम्ही आठवी पास, पण मला कॉलेजात जे कळलं नाही ते तुम्हाला लूमवर उभं राहून कळलं होतं. शेजारच्या लूमवरचे रहमतचाचा आणि तुम्ही लाल झेंडा घेऊन फाटकाशी बसायचात. क्रांती आलीच म्हणायचात! शेवटी आलं ते फाटकाला टाळं. तरी झेंडा फाटल्यावर त्याची चिंधी तुम्ही जपलीत.

यातलं मी निनादला काही सांगितलं नाही. तो विचारायचा तेव्हा मी टीव्ही बघत असायचो. मग त्याला दुसऱ्यांनी सांगितलं. परवा मित्रांना म्हणत होता, "ये तलवार अंग्रेज़ों से लड़ी है. अब घर के दुश्मनों की बारी." मी दाराआडून ऐकलं. घाबरलो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. त्याबद्दल तुम्ही मला काय म्हणाला असतात?

जुलूस यंदा रस्ता बदलून चाचांच्या गल्लीतून जाणार आहे. आत्ताच त्यांना फोन केला. म्हणाले, "शटर तो सब गिर गए, बेटा. अपना निनाद भी आएगा क्या? बहुत दिन हुए उसे देखे." मी फोन ठेवला आणि तुमची चिंधी शोधू लागलो.

डीजे सुरू झालाय. खिडकीच्या काचा थरथरतायत. मिलच्या भोंग्यानं या घरात कोणी दचकत नसे, आज तुमची सून आतून दोनदा विचारून गेली, पोरगं आलं का म्हणून.

लाल चिंधी देव्हाऱ्याच्या खणात सापडली. ती, धोटा आणि म्यान घेऊन मी चाचांच्या ओट्यावर जाऊन बसतो. निनाद आला की सगळ्यांदेखत म्यान पुढे करीन. त्यानं तलवार आत घातली, तर तिन्ही गाठी तिथेच मारीन आणि पुन्हा कधी सोडणार नाही. नाही घातली, तरी मी ओट्यावरून उठणार नाही. चाचांच्या दारापर्यंत जायला त्या धारेला आधी माझ्यापाशी यावं लागेल. हे वचन, अण्णा.

तुमचा, सगळं ऐकूनही कानाआड करणारा,
बाळू