तरवडाच्या फांदीची गाठ

मु. युसूफ वडगाव

आसारामदादास, तुज्या दगडूचा रामराम.

तरवडाची फांदी उद्या डाकेनं येईल. हा कागद मात्र धाडायचा न्हाई, माज्यापाशीच ऱ्हाईल. तूच शिकवलेल्या अक्षरात लिवतेय, हसू नको.

तू लिवलंतं, हैद्राबादच्या कॉलेजात झाडांची कुळं लावतेत. चिंच अन् तरवड एकाच कुळातले, अन् ते दाखवाया फूल अन् शेंग एकाच फांदीवर पायजे. मी वाचून दाखवलं तर आप्पा फणकारले, "शेळी बी तोंड लावत न्हाई त्या झुडपाचं कूळ कावून बघायचं? ह्याच्यापायी मेंढरं सोडून गेला का त्यो?" तीन सालं झाली, तुजं नाव घेत न्हाईत.

पण नवरात्रात बाया घटाच्या माळंसाठी तरवडाचं पिवळं फूल झुडपावर ठेवत न्हाईत, मग शेंग कुठून धरणार? तर आप्पा नऊ दिवस बांधावरच्या एका झुडपापाशी काठी घेऊन बसले. देवीची फुलं अडवली म्हणून बाया लई बोलल्या. आपल्या घटाला बी त्यातलं एक फूल दिलं न्हाई. शेंगा धरल्यावर फांदी त्यांनीच तोडली, अन् मला आण घातली, दादाला सांगायचं न्हाई.

म्हणून फांदीसंगच्या चिठ्ठीवर तोडणाऱ्याचं नाव माजंच घातलंय. पण फांदीला सुतळी आप्पांनी बांधली, ती मी सोडली न्हाई. कोकरं बांधायची तसली गाठ आपल्या घरात कोण मारतंय, ते तुला ठावं हाय.

तुजी बहीण,
दगडू