पाचव्या टेबलावरची स्लाइड

मंगळवार, संध्याकाळ

बारावीचं बायोचं प्रॅक्टिकल संपलं. बाहेर येताच सगळ्यांचं एकच, "पाचव्या टेबलावर काय लिहिलंस?" मायक्रोस्कोपखालच्या पेशीच्या विभाजनाचा टप्पा ओळखायचा होता. सगळ्यांचं मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मधोमध एका ओळीत; माझं एकटीचं ॲनाफेज. पण मला गुणसूत्रांचे दोन पुंजके दिसले होते. दोन टोकांना गेलेले, अगदी स्पष्ट. मग चुकलं कसं?

माझ्या आधी त्या टेबलावर सायली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, माझ्या हाताने स्लाइड सरकली, दुसरीच पेशी समोर आली. मॅमना सांगणार होते, पण घाबरले. सॉरी ना."

"जाऊ दे," म्हटलं. राग यायला हवा होता ना? काहीच आलं नाही.

सुकापूरच्या रिक्षात रोजच्यासारख्या एकत्रच बसलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मध्ये दोघींच्या बॅगा.